लायब्ररीत कविता साजरी करायची म्हणजे काय करायचं? गणिताच्या एका सरांना सविस्तर उत्तर

सर, तुमचा प्रश्न दोनदा वाचला, हसू पण आलं आणि वाईट पण वाटलं. ग्रंथपाल रिटायर झाले, पद भरलं नाही, आणि लायब्ररीच्या किल्ल्यांचा जुडगा आला गणिताच्या सरांच्या हातात. त्यावर हेडसरांचा निरोप, की १४ जानेवारीला मराठी भाषा संवर्धन पंधरवडा सुरू होतो तिथपासून २७ फेब्रुवारीच्या गौरव दिनापर्यंत "कविता आणि वाचन" असा काहीतरी उत्सव लायब्ररीत झालाच पाहिजे. बजेट दोन हजार रुपये. मुलं आठवी ते दहावी. आणि तुम्हीच लिहिलंय की मला स्वतःला कवितेतलं काही कळत नाही, मुलांना ती मार्कांपुरती लागते, आता मी काय करू.

मी जळगाव जिल्ह्यात तालुक्याच्या गावी एका हायस्कुलात ग्रंथपाल आहे, २७ वर्षं झाली, त्यातली पहिली नऊ अर्धवेळ. अर्धवेळ म्हणजे पगार अर्धा आणि काम पूर्ण, हे तुम्हाला सांगायला नको. त्यामुळे पुढे जे लिहिते ते कुठल्या ट्रेनिंगमधलं नाही, बरंचसं हात पोळून शिकलेलं आहे.

आधी काय करू नका ते सांगते. काव्यवाचन स्पर्धा ठेवू नका. मी पहिल्याच वर्षी ठेवली होती. ग्राउंडवर मांडव, प्रमुख पाहुणे, नारळ, शाल, प्रास्ताविक, पाहुण्यांचा परिचय, मग पाहुण्यांचं ४० मिनिटांचं भाषण की हल्लीची पिढी वाचत नाही. ती पिढी समोर उन्हात मांडी घालून बसली होती. मग १४ मुलांनी कविता म्हटल्या, सगळ्या वक्तृत्वाच्या सुरात, हात वर, आवाज चढा, शेवटच्या ओळीला मूठ आवळलेली, पावसाची कविता सुद्धा मूठ आवळून. बक्षिसं गेली त्याच तीन मुलींना ज्यांना निबंधाची, रांगोळीची आणि वक्तृत्वाची पण जातात. उरलेल्या सहाशे मुलांना त्या दिवशी कवितेबद्दल एवढंच समजलं की ती दुसऱ्या कोणाचीतरी असते. मी महिनाअखेरीला देवघेव रजिस्टर उघडून बघितलं, कवितेचं एक पुस्तक बाहेर गेलेलं नव्हतं. अहवाल मात्र झकास झाला, फोटोसकट.

तेव्हापासून माझा हिशोब एकच आहे, कवितेचा कार्यक्रम चांगला झाला का ते टाळ्यांवरून नाही, रजिस्टरवरून बघायचं. पुस्तक घरी गेलं का, आणि ओळ तोंडात बसली का. बाकी सगळी सजावट.

आता कपाटं. तुम्ही लिहिलंय ११ कपाटं आहेत आणि सगळी कुलपात. असणारच. कारण पुस्तक हरवलं तर वसुली कोणाकडून, ही भीती प्रत्येक चार्जवाल्याला असते, आणि म्हणून आपल्याकडच्या शाळांमध्ये पुस्तकं इतकी सुरक्षित असतात की फक्त कसर, म्हणजे कागद खाणारी कीड, तेवढी ती वाचते. तुम्हाला एक गंमत सांगते. १२ ऑगस्टला आपण राष्ट्रीय ग्रंथपाल दिन पाळतो तो एस. आर. रंगनाथन यांच्या जन्मदिवसाला, भारतातल्या ग्रंथालयशास्त्राचे जनक वगैरे. हे रंगनाथन मूळचे कोण, तर गणिताचे प्राध्यापक! १९२४ साली मद्रास विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले आणि १९३१ मध्ये त्यांनी पाच नियम मांडले, त्यातला पहिलाच नियम असा की पुस्तकं वापरासाठी असतात. त्यामुळे "मी गणिताचा माणूस, माझं इथे काय काम" हे कारण तुम्हाला चालणार नाही.

व्यवहारात असं करा. हेडसरांकडून एका कागदावर लिहून घ्या की अमुक महिन्यांसाठी कवितेची १०० पुस्तकं मोकळी ठेवायला परवानगी आहे आणि वार्षिक पडताळणीत जी सापडणार नाहीत ती रीतसर निर्लेखनाला जातील, म्हणजे रजिस्टरमधून वजा होतील. हा कागद फाईलला लागला की निम्मी भीती जाते. नाहीच दिला कागद, तर स्टाफकडून, पालकांकडून, माजी विद्यार्थ्यांकडून घरातली जुनी कवितेची पुस्तकं मागा, त्यांची वेगळी भेट-वही करा, मुख्य रजिस्टरला हातच लावू नका. मी पहिल्या वेळी १४० पुस्तकं मोकळी ठेवली होती, वर्षाच्या शेवटी ११ कमी भरली. त्यातलं एक तीन वर्षांनी परत आलं, मुलगा आयटीआय करून एमआयडीसीत लागला होता, येऊन टेबलावर ठेवलं आणि काही न बोलता गेला.

कवितेची पुस्तकं शोधायची कशी? ड्यूईप्रमाणे, म्हणजे विषयाला आकडा देण्याच्या लायब्ररीतल्या पद्धतीने, लावलेली असतील तर मराठी साहित्य ८९१.४६ आणि त्यातली कविता ८९१.४६१. पण बऱ्याच शाळांत वर्गांक नावालाच असतो, पुस्तकं दाखल नंबराच्या, म्हणजे शाळेत आली त्या क्रमाने कोंबलेली असतात, तर सरळ सगळी पातळ पुस्तकं बाहेर काढा, निम्मी कवितेची निघतील. धूळ झटका, फाटकी बाजूला ठेवा, आणि दाराजवळ एक बुटकं टेबल टाकून त्यावर पुस्तकं आडवी, कव्हर वर करून मांडा. उभी लावली तर कवितेचं पुस्तक दिसतच नाही हो, त्याचा कणा बोटभर पण नसतो, नाव कुठे वाचणार.

आता हा मुद्दा नीट ऐका कारण माझ्या मते सगळं त्याच्यावर आहे. आपल्याकडे असं धरून चालतात की कविता हुशार मुलांसाठी आणि कच्च्या मुलांना गोष्टीची पुस्तकं. माझा अनुभव बरोब्बर उलटा आहे. नववीत येऊन सुद्धा अडखळत वाचणारी मुलं प्रत्येक वर्गात असतात, तुमच्याकडे पण असतील. त्यांच्या हातात २०० पानांची कादंबरी दिली तर ती तिसऱ्या पानावर हरतात आणि पुन्हा लायब्ररीत फिरकत नाहीत. पण आठ ओळींची कविता ते मूल पूर्ण वाचतं. पूर्ण! वाचून संपलं ही भावना त्याला कदाचित आयुष्यात पहिल्यांदा मिळते. पानावर मोकळी जागा भरपूर, ओळी छोट्या, यमक पुढचा शब्द ओळखायला मदत करतं, आणि दुसऱ्यांदा वाचलं तर आधीपेक्षा सोपं जातं. मी कच्च्या मुलांना कवितेकडून आत घेते आणि मग गोष्टींकडे नेते.

रोजचं काम म्हणाल तर एकच. मधली सुट्टी संपल्याची पहिली घंटा आणि दुसरी घंटा यात आमच्याकडे पाच मिनिटं असतात. त्या वेळात लायब्ररीच्या दारात उभं राहून कोणीतरी एक कविता मोठ्याने वाचतं. माईक नाही. ज्याला थांबायचं तो थांबतो, ज्याला नळावर जायचं तो जातो. पहिला आठवडा मी वाचली आणि समोर चार मुली होत्या. दुसऱ्या आठवड्यात शिपाई मामांना म्हटलं तुम्ही वाचा. ते म्हणाले, मॅडम, माझं शिक्षण आठवी. मी दहावीच्या कुमारभारतीतली नारायण सुर्व्यांची 'दोन दिवस' काढून दिली आणि सांगितलं की हे सुर्वे मुंबईला महापालिकेच्या शाळेत आधी शिपाईच होते, मग शिक्षक झाले. मामांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला, आणि घंटेचा हातोडा काखेत धरून हळूहळू वाचायला लागले. हात गहाण पडल्याची ओळ आहे त्यात, तिथे ते थांबले आणि स्वतःच्या हाताकडे बघितलं. अभिनय नव्हता तो, बघितलं आपोआप. दहावीची मुलं ज्यांनी ती कविता रसग्रहणासाठी गाईडमधून पाठ केलेली होती ती गप्प झाली. त्या दिवशी दुसरी घंटा सात मिनिटं उशिरा झाली, घंटा देणारा माणूसच कविता वाचत होता ना. मला पर्यवेक्षकांची बोलणी खावी लागली, खाल्ली.

वाचून झाल्यावर एक पथ्य, अर्थ विचारायचा नाही. "कवीला काय म्हणायचंय" हा प्रश्न लायब्ररीत बंदच. तो वर्गात विचारतात, त्याला मार्क असतात, ठीक आहे. इथे फार तर विचारायचं कुठली ओळ राहिली लक्षात. कोणतीच नाही म्हणालं तरी बरं.

आता तुमच्या प्रांतातलं. तुम्ही गणिताचे म्हणून मुद्दाम सविस्तर लिहिते, कारण मराठीच्या शिक्षकांपेक्षा तुम्ही हे चांगलं करू शकाल. मुलांना बोटं पुढे करायला सांगा आणि तुकोबांचा हा अभंग अक्षरं मोजत म्हणायला लावा: आनंदाचे डोही, आनंद तरंग, आनंदचि अंग, आनंदाचे. नियम सांगा की जोडाक्षर एकच धरायचं, ऱ्हस्व-दीर्घ बघायचं नाही, अक्षर म्हणजे अक्षर. आ-नं-दा-चे-डो-ही, सहा. आ-नं-द-त-रं-ग, सहा. आनंदचि अंग, परत सहा. आणि शेवटचा चरण चारच. ६ + ६ + ६ + ४ = २२. मग दुसऱ्या आणि तिसऱ्या चरणाच्या शेवटाकडे लक्ष वेधा, तरंग-अंग, यमक तिथे आहे, पहिल्याला आणि चौथ्याला सूट. हा मोठा अभंग. लहानपणापासून भजनात ऐकलेली गोष्ट आतून अशी मापात बसवलेली आहे हे कळल्यावर मुलांचे चेहरे बघा तुम्ही. त्यातून आमच्याकडे एक मुलगा, गणितात हुशार आणि मराठीत काठावर पास, घरी जाऊन पाठ्यपुस्तकातले सगळे अभंग मोजून आला आणि दुसऱ्या दिवशी माझ्यासमोर उभा, "मॅडम, तुकाराम चुकले." कुठे रे बाबा? तर वृक्षवल्ली आम्हां, सहा, बरोबर. सोयरीं वनचरें, सात! पक्षीही सुस्वरें, सहा. आळविती, चार. एक अक्षर जास्त. मी म्हटलं आता हेच चालीवर म्हण. त्याने म्हटलं, आणि म्हणता म्हणता स्वतःच थांबला, "वनचरें म्हणताना एक अक्षर घाईत जातंय मॅडम." जातंच. अभंग आधी गाण्यासाठी असतो, आपण मोजतो ते मागाहून, आणि एखादं अक्षर इकडेतिकडे झालं तर टाळ ते सांभाळून घेतो. हे मी त्याला सांगितलं नसतं तरी चाललं असतं, त्याचं त्याने पकडलं होतं.

मग त्याच मापात लिहायला लावा. विषय मोठा देऊ नका, देशभक्ती पर्यावरण असलं काही नको. डबा, सायकल, लाईट गेली, असले द्या. आमच्या आठवीतल्या एकीने लिहिलं होतं:

डब्यात आजही
भेंडीचीच भाजी
आई म्हणे ताजी
खाऊन घे

मोजा. सहा, सहा, सहा, चार, आणि भाजी-ताजी जागच्या जागी. हा कागद दोरीला चिमट्याने लावला आणि दोन दिवसांत त्या दोरीवर ३० कागद झाले, त्यातले अर्धे मापात न बसणारे, पण न बसणाऱ्या कागदाखाली दुसऱ्या मुलांनी पेन्सिलीने आकडे लिहून ठेवलेले, ६, ६, ७, ५. म्हणजे एकमेकांच्या कविता तपासायला लागली की पोरं! मला हे सुचलं नव्हतं.

दुसरा प्रयोग चित्रकलेच्या सरांना धरून करा. बालकवींची 'औदुंबर' आठच ओळींची आहे. मुलांना सांगायचं, चित्र नको, नकाशा काढा. झरा कुठून, गाव कुठल्या बाजूला, शेतं कुठे, पांढरी पायवाट कुठून निघून कुठल्या डोहाला जाते, आणि औदुंबर नक्की कुठे बसलाय. हे काढायचं तर मुलाला प्रत्येक शब्द तीन-तीनदा वाचावा लागतो, "पैल" म्हणजे इकडचं की तिकडचं यावर आमच्याकडे दोन गट पडून भांडण झालं होतं, एका मुलीने तर भूगोलाच्या वहीतल्यासारखी सूची पण केली, हिरवा म्हणजे कुरण, काळा म्हणजे डोह. आमच्या मुलांना बालकवी जवळचे, ते धरणगावचे, आणि जळगाव-भुसावळ लाईनवरच्या भादली स्टेशनाजवळ १९१८ साली रेल्वेच्या अपघातात गेले, वय अठ्ठावीस पण पूर्ण नव्हतं. कॉलेजसाठी भुसावळला जाणारी आमची माजी मुलं त्याच रुळांवरून जातात. तुमच्या भागात कोणीतरी तुमचा असेलच, शोधा. कोकणात असता तर मालगुंड आणि केशवसुत, अजिंठ्याच्या बाजूला असता तर पळसखेड आणि ना. धों. महानोर. कवी आपल्या एस.टी.च्या रूटवरचा निघाला की मुलं वेगळ्या कानाने ऐकतात.

आजीच्या ओव्यांबद्दल थोडं जास्त लिहिणार आहे, कंटाळू नका. आमच्या खान्देशात हे सोपं जातं कारण बहिणाबाई चौधरी (१८८०–१९५१) घरच्याच. लिहिता वाचता येत नव्हतं, ओव्या काम करता करता सुचायच्या, मुलगा सोपानदेव आणि घरातल्या माणसांनी त्या उतरवून ठेवल्या, त्या गेल्यावर वही आचार्य अत्र्यांच्या हातात पडली आणि १९५२ मध्ये पुस्तक आलं. ही गोष्ट सांगितली आणि मुलांना म्हटलं, तुमच्या आज्यांना विचारा, जात्यावरचं, आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) झोक्यावरचं, कानबाईच्या सणाचं काय येतं, आणि जसं म्हणतील तसंच लिहून आणा, अहिराणी असेल तर अहिराणी, लेवा बोली असेल तर लेवा बोली, शुद्ध करायचं नाही. पहिल्या आठवड्यात दोनच जणी आल्या, बाकीच्यांना लाज वाटत होती, आमची आजी अडाणी आहे म्हणे. मग एकीने ही आणली:

जात्याशी बसली मी, लेकीची सय आली
एस्टी गेली फाट्यावरून, धूळ अंगणी राहिली

मी विचारलं, ही जुनी आहे? नाही म्हणे, आजीची स्वतःची, आत्याचं लग्न झालं तेव्हाची. बघा, जात्यावरची ओवी आणि त्यात एस्टी! वर्गात वाचून दाखवली आणि मग रांग लागली. पुढच्या दोन महिन्यांत १०० पानी वही भरली, मुलांच्याच अक्षरात, प्रत्येक ओवीखाली आजीचं नाव आणि गाव. ती वही मी काय केली तर कव्हर घातलं, शाळेचा गोल शिक्का मारला आणि दाखल रजिस्टरला रीतसर नंबर देऊन कवितेच्या कप्प्यात लावली. किंमत या रकान्यात काय लिहायचं कळेना, "भेट" लिहिलं. त्या वर्षी स्नेहसंमेलनाला आलेल्या दोन म्हाताऱ्या गाण्यांचा कार्यक्रम सोडून लायब्ररीत आल्या, आमचं पुस्तक दाखवा म्हणाल्या. वाचता येत नव्हतं दोघींना. नातीने बोट ठेवून दाखवलं हे तुझं नाव, आणि त्या नावावरून बोट फिरवत राहिल्या. तुमच्याकडे मराठवाड्यात तर जात्यावरच्या ओव्यांची खाण आहे, फक्त घाई करा, ज्यांना येतात त्या आता पंचाहत्तरीच्या पुढे आहेत.

दोन हजाराचं काय करायचं. शाल-नारळाला एक रुपया देऊ नका. बालभारतीचं 'किशोर' मासिक लावा, १९७१ पासून निघतं, आणि त्याचे जुने अंक ऑनलाईन फुकट वाचता येतात, संगणक कक्षात एक तास मागून घ्या. उरलेल्या पैशात तीन-चार संग्रह घ्या, पण निवड मुलांच्या पाठ्यपुस्तकावरून करा, म्हणजे धड्यात ज्या कवीची एक कविता आहे त्याचं आख्खं पुस्तक टेबलावर हवं. सुर्व्यांची कविता वाचून मूल विचारायला आलं तर 'माझे विद्यापीठ' हातात देता आलं पाहिजे, त्याच मिनिटाला, पुढच्या आठवड्यात नाही. शिवाय नाशिकच्या कुसुमाग्रज प्रतिष्ठानच्या 'ग्रंथ तुमच्या दारी' उपक्रमात जशी पुस्तकांची पेटी फिरते तशी आपली छोटी पेटी करून वर्गावर्गात फिरवता येते. आम्ही चहाच्या खोक्यात केली, दर सोमवारी ती पुढच्या वर्गात जाते, वर्गाचे दोन मॉनिटर सही करून घेतात. दोरी, चिमटे, कोरे कागद, हे शंभर रुपयांत बसतं.

कॉपीराईटबद्दल कोणीतरी तुम्हाला घाबरवेल म्हणून सांगून ठेवते. कवी गेल्यावर ६० वर्षांपर्यंत हक्क राहतात. केशवसुत (१९०५), बालकवी (१९१८), गोविंदाग्रज (१९१९), बहिणाबाई यांचं सगळं आता मोकळं आहे, छापा, भिंतीवर रंगवा, काहीही करा. कुसुमाग्रज १९९९ ला गेले, सुर्वे २०१०, त्यांचं मोकळं नाही. शाळेत मुलांनी-शिक्षकांनी मुलांसमोर आणि पालकांसमोर म्हणायला कायद्याची आडकाठी नाही, पण त्याचा व्हिडिओ करून यूट्यूबवर टाकणं वेगळं, तिथे जपून. आजीच्या ओव्यांना पण हेच, आजीला विचारल्याशिवाय ग्रुपवर फिरवू नका.

पाहुणा बोलवायचाच असेल, कारण हेडसर ऐकणार नाहीत, तर एक अट घाला. भाषण नाही, वाचन. विंदा करंदीकर, मंगेश पाडगावकर आणि वसंत बापट तिघं मिळून गावोगाव कविता वाचत फिरायचे आणि लोक कवितेला गर्दी करायचे, ती आपल्याकडची परंपरा आहे. पाहुण्यांना सांगा १५ मिनिटं, त्यात निम्म्या कविता दुसऱ्या कवींच्या वाचायच्या. खरा वाचणारा असेल तर खूष होतो. ज्याला फक्त स्वतःचं वाचायचंय तो त्या दिवशी नेमका बिझी निघतो, तुमचं काम झालं.

आता एक गंभीर. मुलांच्या कवितांसाठी नाव न लिहिता टाकायची पेटी ठेवणार असाल तर ती रोज तुम्ही स्वतः उघडा, मुलांना उघडू देऊ नका. त्यात प्रेमाच्या चारोळ्या येतील, सरांच्या टोपणनावावर वात्रटिका येतील (माझ्यावर पण आली होती, यमक चांगलं जमलं होतं, जपून ठेवलीय), पण एखाद्या वर्षी एखादा कागद असा येतो की तो कविता म्हणून लिहिलेला असतो पण कविता नसतो. मला एकदा आला. घरातल्या मारहाणीचं होतं. अक्षर ओळखीचं होतं कारण देवघेवीच्या सह्या मीच घेते. तो कागद दोरीला लागला नाही, त्या मुलीला पुस्तकं लावायला मदत कर म्हणून थांबवून घेतलं, आणि मग मुख्याध्यापिका आणि मी मिळून पुढचं बघितलं. १०९८ हा चाईल्ड हेल्पलाईनचा नंबर पेटीवरच चिकटवून ठेवा, शेजारी, साध्या अक्षरात.

अहवालाची काळजी करू नका. फोटो लागतातच, तर दोरीचा, पेटीचा, मोजणाऱ्या बोटांचा काढा. पण आकडा द्या रजिस्टरचा. आमच्याकडे आधीच्या वर्षभरात कवितेची सहा पुस्तकं घरी गेली होती, हे सगळं सुरू केल्यावर ८३. सहाशे मुलांत ८३ म्हणजे फार नाही, मला माहितीये. तुम्ही गणिताचे, टक्केवारी तुम्हीच काढा.

आणि तुम्ही शेवटी विचारलं होतं की दहावीचं काय, त्यांना वेळ कुठे. बरोबर आहे, जानेवारीत पूर्वपरीक्षा, फेब्रुवारीत तोंडी आणि प्रात्यक्षिकं, मग बोर्ड. त्यांना कशातच धरू नका. फक्त टेबल दाराजवळ असू द्या, हॉल तिकीट घ्यायला ते ऑफिसात येतात आणि तिथे रांगेत उभं राहून कंटाळतात, त्यातली दोन-चार आत येतातच. त्यांना पुस्तक द्या आणि जमा कधी करणार विचारू नका, टीसीच्या वेळी येतंच.

बाकी तुमच्या तिसऱ्या कपाटाचं कुलूप अडकतं म्हणालात ना, त्यात तेल घालू नका, तेल धूळ धरतं आणि पावसाळ्यात आणखी घट्ट बसतं. पेन्सिलीचं शिस चाकूने खरवडून त्याची पूड किल्लीला लावा आणि किल्ली आत-बाहेर फिरवा, उघडेल.